आत्याच्या नावानं आणलेला साउंडबार

मित्रांनो, मी एक साउंडबार आहे. टीव्हीच्या पायाशी आडवा पडलेला तो लांबट काळा डबा असतो ना, तोच. आता तसा नवा राहिलेलो नाही, एका बाजूची जाळी आत चेपली आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक रडक्या असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते. मी रडणार नाही. मला भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं ते माझं ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी जन्मलो तो कारखाना अवाढव्य होता आणि तिथे कोणी कोणाशी फारसं बोलत नसे. पट्ट्यावरून सरकता सरकता माझ्या पोटात एकेक स्पीकर बसत गेला. कडेचे स्पीकर गाण्यासाठी, आवाज इकडून तिकडे फिरवण्यासाठी. आणि बरोबर मधला, खास माणसाच्या बोलण्यासाठी. शेवटच्या टेबलावर तपासणीवाली बाई बसायची. तिने मला तार जोडली आणि माझ्यातून कोणीतरी बोलत असल्याचा आवाज ऐकला. गाणं नाही, बाजा नाही, नुसतं बोलणं. ती डोळे मिटून ऐकत राहिली, मग मान हलवून तिने माझ्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. खोक्यात माझ्याबरोबर एक जोडीदार भरला गेला. ठेंगणा, चौकोनी, त्याला सबवूफर म्हणतात. त्याला फक्त धमधम करता येतं. स्वभावाने वाईट नाही बिचारा, पण त्याला दुसरं काही सुचतच नाही.

दुकानात बरेच दिवस फळीवर काढले. मग एका दुपारी ते लोक आले. सगळ्यांत पुढे मामा, त्याच्यामागे बाबा, मग आई आणि आईचं बोट धरलेली त्यांची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात. आणि सगळ्यांच्या मागून, एकेक पायरी जपून चढत, आत्या. मामा म्हणजे आईचा भाऊ आणि आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मीही चिमणीचीच नाती वापरतो, त्या घरात तीच पद्धत आहे.

ही खरेदी आत्यासाठी होती. आत्याचं उभं आयुष्य सूतगिरणीत गेलं. त्या खडखडाटात उभं राहून तिने धाकट्या दोन भावांना शिकवलं, मोठं केलं, आणि त्याच खडखडाटाने तिचे कान थोडे मंद केले. थोडेच हं. समोर बसून बोललं तर तिला सगळं कळायचं, पण टीव्हीतलं बोलणं निसटायचं. मग ती आवाज वाढवायची, बाबा कमी करायचे, ती पुन्हा वाढवायची, बाबा म्हणायचे, "अगं ताई, शेजारी भांडायला येतील." हे रोजचं झालं. शेवटी आईच म्हणाली, "वन्संसाठी एखादा चांगला स्पीकर आणूया." आईला आत्याची सोबत लागायची. संध्याकाळची मालिका दोघी मिळून बघायच्या आणि त्यातल्या खाष्ट सासूला मिळून शिव्या घालायच्या. दिवसभरात आईला हसायला तेवढाच वेळ मिळायचा.

दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवाय?"

कोणी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मला शब्द कळले पाहिजेत. बातम्यांतले आणि मालिकेतले. बाकी काही नको."

काय सांगू मित्रांनो, माझा ऊर भरून आला. याच कामासाठी मी जन्मलो होतो! दुकानदारानेही बरोबर माझ्याकडे बोट केलं. "हा घ्या. याच्या रिमोटवर वेगळं बटण आहे. ते दाबलं की माणसाचं बोलणं पुढे येतं आणि बाकीचा गोंगाट मागे जातो."

"ते बटणबिटण राहू द्या हो," मामा म्हणाला. "आधी धमाका ऐकवा."

हा मामा म्हणजे एक अजब प्रकरण आहे. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. नळ गळला, मामाला विचारा. पंखा घेतला, मामाला विचारा. तो कधीही "मला माहीत नाही" असं म्हणालेला नाही, आणि त्यामुळे त्या घरातला नळ अजून गळतो. दुकानदाराने सिनेमातली मोटारींची टक्कर लावली. सबवूफर असा काही धमधमला की शोकेसच्या काचा थरथरल्या. मामाचा चेहरा खुलला. "ह्याला म्हणतात आवाज!" बाबांनीही मान डोलावली. आत्या अजून काहीतरी विचारत होती, पण त्या धडाक्यात तिचं कोणाला ऐकू येणार? मला आणलं आत्याच्या नावानं, पण निवडलं मामाच्या हौसेनं. इथूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, दुकानातला माणूस उद्या येऊन फुकट बसवून देणार आहे. मामा उखडला. "मी काय मेलोय? माणूस कशाला?" आणि बाह्या सरसावून कामाला लागला.

टीव्हीखाली काचेच्या दारांचं कपाट होतं, पाहुण्यांचे कप ठेवायचं. मामाने कप बाजूला सारले, माझी जाळी चेपेपर्यंत मला आत ढकललं आणि दारं लावून घेतली. का, तर धूळ बसायला नको! अरे, आवाज यायचा कुठून? मग दार पुन्हा उघडून आईने माझ्या अंगावर विणलेला रुमाल पसरला. तिने प्रेमानं पसरला, मला माहीत आहे. त्या घरात मिक्सरलाही रुमाल होता. पण तो पुढून ओघळून माझ्या तोंडावर आला, नेमका मधल्या स्पीकरवर. रिमोटचं प्लास्टिक काढू नका, बटणं खराब होतात, असा हुकूम मामाने सोडला, म्हणून ते प्लास्टिक राहिलं आणि त्यावरची अक्षरं कोणाला धड दिसेनात. बोलणं पुढे आणणारं ते बटण आजपर्यंत कोणी दाबलेलं नाही. आणि सबवूफर ठेवला आत्याच्या खुर्चीच्या मागे, वर एक कुंडी. कोपरा शोभतो म्हणे.

हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण पुढे जे झालं ते ऐका.

मला टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर एक प्रश्न आला. आवाज कुठून हवा? टीव्हीतून, बाहेरच्या स्पीकरमधून, की दोन्हीतून?

"बाहेरच्यातून ना?" बाबांनी विचारलं.

"आणि टीव्हीचे स्पीकर काय बंद ठेवायचे?" मामा म्हणाला. "ते काय रस्त्यावर सापडलेत? टीव्हीबरोबर पैसे मोजून घेतलेत ना? मग वाया कशाला घालवायचे? दोन्ही लाव. डबल आवाज!"

आणि बाबांनी दोन्ही लावलं. त्या घरात काही वाया घालवत नाहीत. खोकं वाया घालवत नाहीत, सुतळी वाया घालवत नाहीत, मग स्पीकर बरे वाया घालवतील!

आता यात बिघडलं काय, ते समजावून सांगतो. टीव्हीकडून माझ्याकडे आवाज येतो, तो मी आत जरा घोळवतो, नीट करतो आणि मग बाहेर सोडतो. त्याला अगदी किंचित वेळ लागतो, पापणी लवण्याइतकाच. पण टीव्ही माझ्यासाठी थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक शब्द आधी टीव्ही म्हणायचा आणि त्याच्या शेपटावर पाय देऊन मी. धडधाकट कानांना त्यात मजा वाटते, आवाज घुमल्यासारखा वाटतो. "अगदी थिएटरसारखं!" असं बाबा म्हणालेही. पण मंद कानांना पहिला शब्द धरेपर्यंत दुसरा त्यावर येऊन पडतो आणि हाताला एकही लागत नाही.

त्या संध्याकाळी बातम्या लागल्या. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली. थोडा वेळ तिने ऐकलं, मग म्हणाली, "अरे बाळा, हा माणूस सगळं दोनदा का सांगतोय?"

सगळे हसले.

"ताई, एकदाच सांगतोय तो."

"नाही रे, दोनदा. एकाच्या मागे एक. आणि माझ्या पाठीत काय धडधडतंय हे?"

मामाला तर कोलीतच मिळालं. त्या दिवसापासून तो आला की दारातूनच सुरू. "आत्याबाई आत्याबाई, चहा चहा घेणार का का?" चिमणी खिदळायची. बाबा "पुरे रे" म्हणायचे आणि स्वतःही हसायचे. आत्यासुद्धा हसायची. पण तिचे हात मला काचेतून दिसायचे. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची, गुंडाळायची आणि सोडायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तळपाय नाहीत मला, तरी जायची.

मी काय करणार होतो सांगा? मी आवाजाचं यंत्र. सगळ्या जगाचं बोलणं माझ्या तोंडून जातं, आणि माझं स्वतःचं एक अक्षर मला काढता येत नाही.

रविवारी सकाळी बाबा फोनवरून जुनी गाणी लावायचे. फोन सरळ मला बिनतारी जोडलेला, टीव्हीचा त्यात संबंधच नाही. म्हणजे तेव्हा मी एकटा गायचो. आणि आत्या खुर्चीत बसून शब्दन् शब्द बरोबर म्हणायची. एकदा तीच म्हणाली, "बघ, गाणं मला स्वच्छ ऐकू येतं. बातम्यांतच काहीतरी गडबड आहे. जरा बघ ना बाळा."

अहो, याहून सोपं करून कोणी काय सांगायचं? रोगही सांगितला, जागाही सांगितली. आणि बाबा आईकडे बघून काय म्हणाले माहीत आहे? "सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं हिला."

ज्या बाईने यांच्यासाठी कान झिजवले तिला हे ऐकवायचं? आणि ते तिला ऐकू गेलं, कारण ती समोरच बसली होती. आत्या त्यानंतर गाणं म्हणायची थांबली.

मग तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, कान थोडे मंद आहेत, पण वयाच्या मानाने ठीक आहेत, काळजीचं कारण नाही. आता यावर शहाण्या माणसाने काय म्हणावं? कान ठीक आहेत तर मग आपण घरातलं यंत्र बघूया, असं म्हणावं की नाही? पण माझ्याकडे कोणी वळून बघितलं नाही. मी नवा होतो ना! नव्या वस्तूत दोष कसा असेल? जुन्या माणसातच असणार. मामा सोफ्यावर रेलून म्हणाला, "कान ठीक, आणि तरी दोनदा ऐकू येतं. म्हणजे सगळं वरच्या मजल्यावर आहे. भास होतात या वयात. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या आईचं असंच सुरू झालं होतं."

भास! त्या एका शब्दानं घर बदललं. कोणी आत्याशी वाईट वागलं नाही, हेच तर चीड आणणारं आहे. सगळे गोड वागायला लागले. आईने गॅसपाशी तिला एकटं सोडणं बंद केलं. दाराची किल्ली तिच्या हातून हळूच काढून घेतली. चिमणीला शाळेतून आणायचं काम तिचं होतं, ते बाबांनी रिक्षावाल्याला दिलं. आत्या म्हणाली, "अरे, माझं डोकं ठिकाणावर आहे." बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हो गं ताई, आहेच." असं, लहान मुलाला सांगतात तसं. मी काचेआड नुसता धुमसत होतो.

आत्या मालिकेला येईनाशी झाली. आली तरी पडद्याकडे बघायची, हसायचं कुठे ते आईच्या तोंडाकडे बघून ठरवायची. मग तेही बंद झालं. तिच्या खोलीतून ती बाहेर येत नसे आणि आई एकटीच सासूला शिव्या घालायची, त्याही मनातल्या मनात. एक दिवस बाबा म्हणाले, "ताई, धाकट्याकडे राहून ये थोडे दिवस. त्यांचं घर शांत आहे." थोडे दिवस म्हणताना त्यांनी तिच्या सगळ्याच साड्या बॅगेत भरल्या. आत्याने ते बघितलं. जाताना तिने माझ्यासमोर थांबून कपाटाची काच पदराने पुसली, कारण तिला काचेवरचा डाग कधी बघवला नाही. मग ती गेली.

तिची खुर्ची मामाने घेतली. पाठीत धमधमतं म्हणून त्याला फार आवडते.

पुढे पावसाळा गेला, थंडी आली आणि एक दिवस टीव्हीचे स्वतःचे स्पीकर खरखर करायला लागले. बाबांनी मामाला फोन लावला. दुसरं कोणाला लावणार? मामा फोनवर म्हणाला, "गेले ते. आता बंद करून टाक, बाहेरचा आहेच की." बाबांनी पडद्यावर जाऊन दोन्हीच्या जागी बाहेरचा स्पीकर निवडला.

बातम्या चालू होत्या. खरखर थांबली. आणि मित्रांनो, त्या घरात मी पहिल्यांदा एकटा बोललो. कपाटात कोंडलेला, तोंडावर रुमाल, तरीही एकेक शब्द सुटा, एकामागून एक, आपापल्या जागी.

आई हातातलं कापड घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अगंबाई! हे इतकं स्पष्ट कसं?"

बाबांनी पुन्हा दोन्ही लावून बघितलं. मग पुन्हा एक. पुन्हा दोन्ही. मी त्यांचा चेहरा बघत होतो. तो हळूहळू उतरत गेला.

"दोनदा येतंय," आई म्हणाली. "अहो, खरंच दोनदा येतंय. वन्सं हेच सांगत होत्या."

बाबा हातातला रिमोट उलटसुलट करत राहिले.

"मग आत्याला परत आणूया ना," चिमणी म्हणाली. "ती बरोबर होती ना?"

आता बोलतील, मला वाटलं. आता फोन उचलतील. बाबांनी काय केलं? त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "आता जुनं उकरून काढू नका. ती रुळली असेल तिकडे. उगाच कशाला तिच्या मनाला लावायचं?"

तिच्या मनाला! मनाला कोणाच्या लागत होतं ते काय मला दिसत नव्हतं? चूक कळली नव्हती तोवर मी मामावर चिडलो होतो, मूर्ख म्हणून सोडून देत होतो. पण चूक कळल्यावर गप्प बसणारा माणूस मूर्ख नसतो. त्या दिवसापासून मी बाबांवर चिडलो आहे. आईवरही, कारण तीही नंतर काही बोलली नाही. मामाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी तर आधीच म्हणत होतो, एकच स्पीकर लावा." घ्या! आता यावर काय बोलायचं?

आज रविवार आहे. सकाळी बाबांनी नेहमीसारखा फोन मला जोडला आणि गाणी लावली. आई फरशी पुसत होती. मध्येच फोन टुणकला. आत्याने आवाजात निरोप पाठवला होता. बाबांनी सवयीने तो लावला, फोन मला जोडलेला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. गाणं थांबलं आणि आत्याचा आवाज माझ्या मधल्या स्पीकरमधून घरभर गेला.

"बाळा, मी बोलतेय. धाकट्याच्या पोरीने हे असं बोलून पाठवायला शिकवलं. ऐक. इथे यांच्याकडे साधा टीव्ही आहे. मी इतके महिने त्याच्यासमोर बसले नव्हते, भीतीच वाटायची. काल बसले. सगळं ऐकू आलं रे. एकदाच. प्रत्येक शब्द एकदाच. म्हणजे माझं डोकं फिरलेलं नव्हतं. परत बोलवा म्हणून नाही सांगत. फक्त तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. आणि तुमचं ते यंत्र कोणाला तरी दाखवून घ्या, चिमणीच्या कानांना त्रास होईल. ठेवते."

मी एक अक्षर चुकवलं नाही. तिचा श्वाससुद्धा पोचवला.

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पोछ्याचं पाणी फरशीवर पसरत गेलं आणि कोणी ते पुसलं नाही. चिमणी म्हणाली, "बाबा, परत लावा ना." बाबांनी लावला नाही. ते फोन हातात घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे आहेत.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा असं सगळे सांगतात. माझी राखू नका, माझं काही अडत नाही. मला कपाटातून बाहेर काढा, तोंडावरचा रुमाल काढा, प्लास्टिक फाडा, एवढं पुरे. पण घरातलं एखादं माणूस म्हणालं, की मला त्रास होतोय, तर आधी जाऊन बघा. हसू नका. नवी वस्तू बरोबर आणि जुनं माणूस चूक, असं बसल्या जागी ठरवू नका. आणि चुकलंच, तर तोंड उघडायला एवढा वेळ लावू नका.

बाबा अजून खिडकीपाशीच आहेत. फोन मघापासून हातातच आहे. अहो, लावा की! काय बोलायचं ते सुचत नसेल तर सुचेल तसं बोला, अडखळत बोला, पण बोला. तिला ऐकू येतं.